पिवळ्या कार्डाचे पिंजरे

प्रिय मुंगी,

आज माझं अक्षर वाकडं दिसेल. घाबरू नकोस, हा आपल्या घरातला कंप नव्हे. तो तुझ्या बाबांच्या बाजूने आला आणि मला वगळून तुझ्याकडे गेला. माझा हात आज नुसत्या भीतीने कापतो आहे. बुधवारची दुपार आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे लिहायला बसले. शनिवारी तू रोजच्या गोळ्या बंद करणार आणि सोमवारपासून नवीन औषधाच्या चाचणीत जाणार. मधे उरले दोन दिवस, गुरुवार आणि शुक्रवार. सकाळपासून मी ते इतक्यांदा मोजले की कुणाला वाटावं तिसरा सापडेल म्हणून शोधते आहे. मला त्या औषधाची भीती वाटते, मुंगी. ज्या औषधासाठी मीच तुझ्या मागे हात धुऊन लागले होते, त्याच औषधाची.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. दोनदा उचलला. पण फोनवर तू माझा आवाज ऐकून म्हणाली असतीस, आई, तू आधी पाणी पी. मग मी पाणी प्याले असते, आणि तू मला समजावलं असतंस, आणि मला ते पटलं असतं. तुझं बोलणं मला नेहमीच पटतं. कागद मधे बोलत नाही. उद्या सकाळी जावईबापू इकडच्या गोदामात माल उतरवायला येणार आहेत, नऊला परत निघतील. त्यांच्या हाती हे पाकीट देईन. चिकटवून देईन, पण त्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. शेवटी त्यांनाही ते कळायलाच हवं.

मला सगळं पहिल्यापासून सांगू दे, नाहीतर मी मधलंच काहीतरी सांगून मोकळी होईन. माझं काम काय आहे ते तुला ठाऊक आहे, पण तू त्याकडे कधी नीट पाहिलं नाहीस, आणि त्यात तुझी चूक नाही. उंदरांचे पिंजरे धुणारीच्या कामाकडे कोण नीट बघतं? बाबा गेल्यावर संस्थेच्या प्राणिगृहात मला ही नोकरी मिळाली, तेव्हा तूच हसून म्हणाली होतीस, आई, झुरळ दिसलं तरी तू खुर्चीवर चढतेस. अकरा वर्षांत मी एकदाही खुर्चीवर चढले नाही. पांढरे उंदीर तळहातावर घेतले की त्यांच्या छातीची धडधड बोटांना लागते, आणि थोड्या वेळाने ती हळू होते. बाबांचा हात शेवटच्या वर्षी मी असाच धरून बसायचे. त्यांची थरथर मात्र हळू व्हायची नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये संस्थेतल्या डॉक्टरबाईंनी या औषधाचा प्रयोग सुरू केला. पुढे आपल्यासारखा कंप सुटावा असे उंदीर त्यांनी मुद्दाम वाढवले होते. तीस पिंजरे, पाच फळ्यांची एक मांडणी, दर फळीवर सहा. पंधरा पिंजऱ्यांना पिवळी कार्डं, पंधरांना निळी. एका रंगाच्या पाण्यात औषध आणि दुसऱ्याच्या पाण्यात काहीच नाही. कुठल्या रंगात काय, ते बंद पाकिटात होतं. मलाच काय, मुकादमालाही माहीत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी डॉक्टरबाई एकेक उंदीर फिरत्या दांड्यावर ठेवायच्या आणि तो किती वेळ न पडता तोल सांभाळतो ते लिहून घ्यायच्या. माझ्याकडे एक तक्ता होता. दर शुक्रवारी पिंजरे धुतले की तक्त्याप्रमाणे त्यांच्या जागा बदलायच्या, वरचे खाली, खालचे मधे, आणि समोर खूण करायची. का बदलायच्या, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, कपाटातले कपडे आपण खालीवर करतो, तसंच काहीतरी असेल.

दुसऱ्याच महिन्यात माझा उजवा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना. आणि पिवळ्या कार्डाचे उंदीर पाणी फार प्यायचे. त्यांचा भुसा दोन दिवसांत चिंब व्हायचा. ओल्यात बसलेलं जनावर मला बघवत नाही, म्हणून मी मधल्या दिवशीही तो बदलायला लागले. रोज ज्यांचं करायचं ते हाताशी असावं, म्हणून एकेक करत पिवळे पिंजरे मी मधल्या तीन फळ्यांवर आणले. निळे वर आणि खाली गेले. वरच्या फळीवर थंड हवेचा झोत येतो आणि दिव्याचा उजेड डोळ्यांत जातो. खालच्या फळीच्या मागेच धुलाईचं यंत्र आहे, ते सुरू झालं की पिंजरे थरथरतात. ही सगळी माहिती मला तेव्हाही होती. पण तिचा प्रयोगाशी संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही. शुक्रवार आला की मी तक्त्यावर खूण करायचे. न बदलताच. मुकादम एकदा दारात उभा राहून म्हणाला, काय मावशी, उंदरांचं माहेरपण चाललंय वाटतं, आम्हालाही ठेवून घ्या मधल्या फळीवर. मी म्हटलं, तू आधी आंघोळ करून ये. दोघंही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग नोव्हेंबर आला. मी तुझ्याकडे आले होते, आठवतं? चहाचा कप तू दोन्ही हातांनी धरलास आणि म्हणालीस, आज गारठा आहे ना? गारठा नव्हता. मी काही बोलले नाही, कारण तुझ्या बाबांनीही पहिल्यांदा तेच केलं होतं आणि तेव्हाही मी काही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या कामाच्या जागी डबा घेऊन आले. तू दातांच्या कवळीसाठी मेण कोरत होतीस, आणि तुझं डावं मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलेलं होतं, उजव्या हातातल्या पात्याला आधार म्हणून. तुझी मालकीण म्हणाली, हिच्यासारखा दात कुणी कोरत नाही हो, फक्त हल्ली वेळ फार लावते. त्या क्षणी मला कळलं. पुढचे तीन आठवडे आपण दोघी दवाखान्याच्या बाकांवर बसलो. डॉक्टरांनी ते नाव उच्चारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. मुंगी, त्या एका बघण्याबद्दल मला माफ कर. माझ्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते तुला दिसायला नको होतं.

कामावर परत आले तेव्हा पिंजरे तक्त्याप्रमाणे लागलेले होते. माझ्या जागी आलेली बदलीची बाई नियमाने चालणारी होती. मी पहिल्याच दिवशी हाताला निघतील ते सगळे पिवळे पुन्हा मधे आणले. आणि हे आता तुला सांगणं अवघड आहे. या वेळी ते खांद्यासाठी नव्हतं आणि ओल्या भुशासाठीही नव्हतं. इतकं पाणी प्यायला लावतं ते औषधच असणार, हे मी ताडलं होतं. मला ते औषध जिंकायला हवं होतं. मी पिवळ्यांना रोज तळहातावर घ्यायला लागले, त्यांच्याशी बोलायला लागले. तुझ्याबद्दल बोलायचे. माणसांशी बोलले असते तर त्यांनी धीर दिला असता, आणि तो मला नको होता. निळ्यांना मी वाईट वागवलं नाही, पण त्यांना हातात घेतलं नाही. मार्च अखेरपर्यंत असं चाललं. माझी रजा सोडून सगळ्या शुक्रवारच्या खुणा माझ्या हातच्या आहेत, आणि खांदा धरल्यापासून त्यातली एकही खरी नाही.

एप्रिलमध्ये पाकीट उघडलं. पिवळ्यात औषध निघालं, आणि पिवळे उंदीर निळ्यांच्या जवळजवळ दुप्पट वेळ दांड्यावर टिकले होते. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना चहा दिला. मग त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मावशी, पिंजरे तक्त्याप्रमाणे फिरवले होते ना सगळे? मी हो म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की माझा मलाच पत्ता लागला नाही. घरी आल्या आल्या तुला फोन केला. हे औषध दुसऱ्या दुखण्यावर आधीपासून देतात, म्हणून माणसांवरची चाचणी लवकर सुरू होणार, फक्त मात्रा तिप्पट, हे मीच तुला सांगितलं. तू म्हणालीस, आई, मला माझ्या गोळ्या बऱ्या आहेत, कंप जात नाही पण वाढतही नाही. मी ऐकलं नाही. मी बाबांचं नाव मधे आणलं. म्हटलं, त्यांच्या वेळी काहीच नव्हतं, तुझ्या वेळी आहे आणि तू नको म्हणतेस? जूनमध्ये तू सही केलीस. त्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं आहे की जुन्या गोळ्या एकदा सोडल्या की पुन्हा तशाच लागू पडतील याची खात्री नाही. मी ते वाचलं होतं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची बायको आहे मी, बारीक अक्षर माझ्या नजरेतून सुटत नाही.

मधे मे महिन्यात एक गोष्ट झाली, ती मी तुला कधी सांगितली नाही. संस्थेच्या ग्रंथालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली. त्या ढिगातलं एक मी उचललं. पुढची पानं नव्हती, पण संशोधन कसं करावं याबद्दल होतं. बाबा छापखान्यातून चुकांचे कागद आणायचे आणि मी त्यांवरून वाचायला शिकले. तेव्हापासून पानं गळालेलं पुस्तक मला परकं वाटत नाही. त्यात एका प्रकरणात संभ्रमकारी चल म्हणून काहीतरी होतं. चल म्हणजे बदलती गोष्ट. दोन गोष्टी नेहमी बरोबर दिसल्या की आपण म्हणतो, एकीमुळे दुसरी झाली. पण कधीकधी एक तिसरीच गोष्ट दोघींना ओढत असते आणि ती आपण मोजलेलीच नसते. ज्या घरात औषधाच्या बाटल्या जास्त त्या घरात माणसं जास्त मरतात, मग काय बाटल्या फोडायच्या? आजारपण बाटल्याही आणतं आणि मरणही. मला इतकं आवडलं ते की मी दिसेल त्याला लावायला लागले. शेजारीण म्हणाली, नवरा घरी असला की माझं डोकं दुखतं. मी म्हटलं, अगं रविवारी तू चहा उशिरा घेतेस, त्याने दुखत असेल. ती म्हणाली, राहू दे ग बाई, मला नवराच बरा पडतो.

आणि मग मी ते तुझ्या बाबांना लावून पाहिलं. आपण चौथ्या मजल्यावरच्या या घरात आलो आणि वर्षाच्या आत त्यांचे हात कापायला लागले, असंच मी धरून चालले होते. घर बदलण्याचा हट्ट माझा होता. इतकी वर्षं मी मनात म्हणत आले की या जिन्याने त्यांना खाल्लं, मी त्यांना या जिन्यावर आणलं. पुस्तक वाचल्यावर मी माळ्यावरचं त्यांच्या कागदांचं गाठोडं काढलं. पावतीपुस्तकं, औषधांची लेबलं, दुकानांच्या जाहिराती, सगळ्यांवर त्यांच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या आणि खाली तारखा. घर बदलण्याच्या दोन वर्षं आधीच्या कागदांवर त्यांच्या खुणेची रेघ दाते पडल्यासारखी होती. सायकलवर तोल राहीना म्हणून त्यांना छापखान्याजवळ घर हवं होतं. माझा हट्ट त्यांनी इतक्या पटकन का मानला, ते मला एवढ्या वर्षांनी कळलं. जिन्याने कंप आणला नव्हता, कंपाने आपल्याला या जिन्यावर आणलं होतं. मी त्या कागदांवर डोकं ठेवून रडले, आणि मग बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा दोन वेळा वाढून घेऊन जेवले. एवढं सगळं दिसलं मला, मुंगी, पण माझे पिंजरे दिसले नाहीत. किंवा दिसले असतील आणि मी पान उलटलं असेल. आता त्याबद्दल मी खात्रीने बोलू शकत नाही.

परवा सोमवारी त्यांनी प्रयोगाचा मोठा आलेख प्राणिगृहाबाहेरच्या भिंतीवर लावला. पिवळी रेघ आणि निळी रेघ. पिवळी चढत गेलेली, निळी उतरत. पण मधे एका ठिकाणी पिवळी रेघ धाडकन खाली येऊन निळीला टेकली होती आणि मग पुन्हा वर गेली होती. मी खालच्या तारखा वाचल्या. नोव्हेंबरचे ते तीन आठवडे, जेव्हा मी तुझ्याबरोबर दवाखान्यात होते. डॉक्टरबाई मागून आल्या आणि हसून म्हणाल्या, बघा मावशी, तुम्ही नव्हता तर पिवळे रुसून बसले होते. मुकादम म्हणाला, मावशींना पगारवाढ द्या, त्याच खरं औषध आहेत. सगळे हसले. मी खालच्या तारखा पुन्हा एकदा वाचल्या. औषध तर त्या तीन आठवड्यांतही पाण्यात होतं. नव्हते ते फक्त माझे हात, आणि मधली फळी.

मंगळवारी मी लवकर गेले. नोंदींची जाड वही उघडी असते, ती कुणी बघत नाही. मधल्या तीन फळ्यांवर अठरा जागा. तेरा पिवळे मी तिथे ठेवले होते, उरलेल्या पाच जागांवर पाच निळे राहिले होते. आणि दोन पिवळे शेवटपर्यंत वरच राहिले, कारण त्यांच्या कड्या वरच्या पट्टीत अडकायच्या आणि माझ्याने एका हाताने त्या निघायच्या नाहीत; धुवायला मुकादम काढून द्यायचा आणि परत तिथेच लावायचा. पुस्तकात म्हटलं आहे की शंका आली तर सारख्याला सारखं लावून बघावं. मी मधल्या पिवळ्यांशेजारी मधले निळे लावले. ते पाच निळे, औषधाचा थेंब न घेतलेले, दांड्यावर जवळजवळ तेवढाच वेळ टिकले होते. आणि वरचे दोन पिवळे, रोज औषध पिणारे, इतर निळ्यांसारखेच भराभर पडले होते. पाच आणि दोन म्हणजे फारच थोडे, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण मी आणखी आकडे न बघता वही मिटली. ज्या जनावराला रोज ऊब मिळते, कोरडं मिळतं, माणसाच्या हाताची सवय असते, ते दांड्यावर ठेवलं की घाबरत नाही. जे घाबरत नाही ते पडत नाही. आम्ही कदाचित इतके महिने कंप मोजलाच नाही, भीती मोजली.

अजून एक आहे, आणि त्याने माझी झोपच गेली आहे. शेवटच्या महिन्यात तीन पिवळे उंदीर मेले. पोटं टणक झाली होती. वय झालं असं लिहिलं गेलं. पण इतकं पाणी, इतका ओला भुसा, हे मूत्रपिंडाचं काही असू शकतं, हे बघणाऱ्याला लगेच दिसलं असतं. दिसलं नाही, कारण बघायला कुणी येण्याआधी मी भुसा बदललेला असायचा. जास्तीच्या भुशाची नोंदसुद्धा केली नाही, पोती मोजून मुकादम कटकट करेल म्हणून उरलेल्यातून वापरायचे. माझ्या स्वच्छतेने ते झाकलं. काल दिवसभर मला डोळ्यांसमोर तूच दिसत होतीस, पाण्याची बाटली हातात, आणि मी तुझ्या मागे मागे सगळं पुसत चालले आहे.

माझ्या या बोलण्याचा उलटा अर्थही लावू नकोस. औषध खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते चांगलंही असेल. ऊब आणि औषध मी एकमेकांत अशी कालवून ठेवली की आता कुणालाच ती वेगळी काढता येणार नाहीत. मला माहीत नाही, डॉक्टरबाईंना माहीत नाही, आणि त्यांना वाटतं आहे की माहीत आहे. भीती त्याची आहे. हे पुन्हा करायला हवं. पिंजऱ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायला हव्यात, म्हणजे त्यात कुणाचा खांदा शिरत नाही आणि कुणाची मुलगी शिरत नाही. पिवळ्यांना जेवढा वेळ हातात घ्यायचं तेवढाच निळ्यांना. भुसा कुणी, कधी, कितीदा बदलला त्याची नोंद. सात-आठ महिने जातील. तोवर तुझ्या गोळ्या आहेत. बाबांच्या वेळी त्या नव्हत्या, आणि हे वाक्य मी तुला एप्रिलमध्ये नेमकं उलट्या बाजूने ऐकवलं होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. गोळ्या बंद करू नकोस, एवढंच सांगायचं असतं तर कसाबसा फोनही जमला असता. मी आज दुपारी आणखी एक कागद लिहिला आहे, डॉक्टरबाईंसाठी. त्यात सगळं आहे, फळ्या, भुसा, खोट्या खुणा, माझं ते हो. तो त्यांच्या हाती पडला की चाचणी थांबवावी लागेल, तुझ्यासकट चोवीस जणांची. त्यातल्या काहींना गोळ्या लागू पडेनाशा झाल्या आहेत, त्यांच्याकडे दुसरं काही नाही, आणि ते मला शिव्या देतील. नोकरी जाईल, ते जाऊ दे. मला भीती माझीच आहे. मी स्वतःला ओळखते. उद्या दहा वाजता मी त्यांच्या दारापर्यंत जाईन आणि मला तुझा एप्रिलमधला तो आवाज आठवेल, आई, खरंच दुप्पट वेळ टिकले का ग, आणि मी कागद पिशवीत ठेवून भुसा बदलायला निघून जाईन. इतके शुक्रवार मी तेच केलं आहे. म्हणून हे तुझ्याकडे येतं आहे, माझ्या अक्षरात. नऊ वाजता पाकीट जावईबापूंच्या गाडीत चढेल. ते एकदा गेलं की मी तो कागद दिला नाही तरी तू त्यांना हे पत्र देशील, आणि हे मला माहीत असेल. मला परत फिरायला जागा राहू नये, म्हणून मी ती तुझ्या हातात देते आहे. रागाव, नको बोलूस कितीही दिवस. शनिवारी सकाळी मात्र गोळी घे.

तुझीच, आणि तुझ्या बाबांचीही,
आई